झाडाचा फोटो, ओळख पटेल असा
(सामुदायिक रेडिओवरचं भाषण, थोडं वाढवून)

 हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

दसरा होऊन गेला, दिवाळी तोंडावर आली. कापसाची वेचणी चालू आहे. पावसाने उघडीप दिली, वाटा वाळल्या. याच दिवसांत आपले बचत गट बाहेर पडतात. कुणी दुसऱ्या गावची पपईची बाग बघायला जातं, कुणी नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात, कुणी प्रकाशाला तापीवर. पैसे जमले तर गाडी ठरवून तोरणमाळला. प्रत्येक गटात चार-दोन तरी चांगले फोन असतात आणि फोटोही भरपूर निघतात. आज त्या फोटोंबद्दलच बोलायचं आहे. त्यातही झाडांच्या आणि बागेच्या फोटोंबद्दल.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या गटातल्या अकरा जणी तोरणमाळला गेलो होतो. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपायरीचा घाट चढलो. बरोबर एका ताईंच्या आजेसासूबाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना आजीच म्हणत होतो. त्यांचं माहेर डोंगरातल्या पाड्यावरचं. घाट संपला आणि आजींना जणू माहेर भेटलं. वाटेने चालताना त्या बोटाने दाखवत होत्या. हे जनावराच्या जखमेला लावायचं. याचा कंद दुष्काळात उकडून खायचो, पण आधी पाण्यात ठेवायचा, नाहीतर घसा खवखवतो. याची फुलं आली की समजायचं पाऊस गेला. आम्ही चार फोनांवर फोटो काढत होतो. काढले की पुढे.

घरी आल्यावर मोजले. त्रेसष्ट फोटो. त्यातले एक्कावन्न आमचेच, तलावापुढे उभ्या राहिलेल्या आमच्या रांगेचे. झाडांचे बारा. त्या बारांपैकी नक्की ओळखता आली ती दोन झाडं. एकीने फोन हातात घेऊन म्हटलं, "माय वं, हाई ते नुसतं गवत शे!" सगळ्या हसलो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना ते फोटो दाखवले. त्यांनी मोठे करून करून पाहिले आणि म्हणाल्या, फूल धूसर आहे, पान एकच दिसतंय आणि तेही वरून, झाड गुडघ्याएवढं की डोक्याएवढं तेही कळत नाही, मी काय सांगू?

आम्ही म्हटलं, हरकत नाही, आजींना परत विचारू. पण आजी पौषात गेल्या. जनावराच्या जखमेला लावायच्या त्या झाडाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात आजींचा हात स्पष्ट आहे, बोटातलं चांदीचं वेढणंसुद्धा दिसतं. ते बोट ज्याच्याकडे आहे तिथे नुसता हिरवा धूर आहे.

तेव्हापासून मी हे शिकून घेतलं. ते आज तुम्हाला सांगते. अवघड काहीच नाही. मोठा कॅमेरा लागत नाही, महागडा फोन लागत नाही. एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवावी लागते. आपण झाडासमोर उभ्या असतो तेव्हा आपल्याला त्याची उंची कळते, वास कळतो, पान खरखरीत की मऊ ते कळतं. फोटो बघणारीला यातलं काही कळत नाही. तिच्यापुढे फक्त हातभर दूर धरलेला पडदा असतो. म्हणून जे आपल्याला सहज कळतं, ते फोटोत मुद्दाम आणावं लागतं.

आधी काच पुसा, मग वेळ बघा

पहिलं काम, फोनच्या मागची ती छोटी काच पुसा. आपला फोन कमरेला, पिशवीत, पिठाच्या डब्याजवळ असतो. काचेवर तेलाचं बोट लागलेलं असतं. धूसर फोटोंपैकी कितीतरी त्यानेच धूसर असतात. जुन्या मऊ सुती पातळाचा तुकडा जवळ ठेवा. पदराला जर असेल तर त्याने पुसू नका, काचेवर चरे पडतात.

दुसरं, वेळ. शरदातलं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. आभाळ धुतलेलं, धूळ कमी, आणि दुपारी चटका. आपल्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर मावळेपर्यंत, ही फोटोची वेळ. तेव्हा ऊन तिरपं येतं. तिरप्या उन्हात पानाच्या शिरा उठून दिसतात, खोडाची साल खडबडीत की गुळगुळीत ते दिसतं. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, पानं चकाकतात, पांढरी फुलं नुसती कागदासारखी दिसतात आणि सावल्या काळ्या पडतात.

सहलीत मात्र वेळ आपल्या हातात नसते. गाडी पोचतेच बारा वाजता. मग एक उपाय करा. दोघी मिळून फोटो काढा. एकीने छत्री किंवा ओढणी धरून झाडावर सावली करायची, दुसरीने फोटो काढायचा. सावलीत रंग खरे येतात. फूल फारच पांढरं पडत असेल तर पडद्यावर त्या फुलाला बोट लावा. बऱ्याच फोनांत तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते खाली ओढलं की उजेड कमी होतो आणि पाकळी दिसू लागते.

वाऱ्याचंही सांगते. डोंगरावर फूल कधी स्थिर राहत नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी देठ हलकेच धरा, किंवा वारा येतो त्या बाजूला मैत्रिणीला उभी करा. स्वतःची कोपरं अंगाला चिकटवा, पडद्यावर फुलाला बोट लावून फोन नीट बघू लागला की श्वास धरा आणि मग काढा. दुरून काढायचं म्हणून पडदा दोन बोटांनी ताणून झाड मोठं करू नका. त्याने फोटो फाटल्यासारखा येतो. दोन पावलं पुढे जा. पण फार जवळही नको. बहुतेक फोनांना फूल अर्ध्या वितीच्या आत आलं की दिसेनासं होतं. अर्धी वीत ते एक वीत अंतर ठेवा.

एका झाडाचे पाच फोटो

आता मुख्य गोष्ट. झाड एका फोटोत ओळखता येत नाही. माणसाचं तरी कुठे येतं? आधार कार्डावरचा स्वतःचा फोटो आपल्यालाच ओळखू येत नाही. म्हणून एका झाडाचे पाच फोटो काढायचे. पाच बोटांवर मोजा.

अंगठा म्हणजे पूर्ण झाड. जमिनीपासून शेंड्यापर्यंत. ते उभं आहे, पसरलं आहे की दुसऱ्यावर चढलं आहे ते यात कळतं.

दुसरं बोट म्हणजे पान, वरून. एकच पान तोडून हातावर ठेवून काढू नका. पान फांदीला कसं लागलंय ते दिसलं पाहिजे. समोरासमोर जोडीने आहे, की एक इकडे एक तिकडे आहे, की एका देठाला तीन-तीन आहेत. ओळखणारी व्यक्ती आधी हेच बघते.

तिसरं बोट म्हणजे तेच पान, खालून. पान उलटं करा. लव आहे का, शिरा लाल आहेत का, कीड आहे का, हे खालीच दिसतं.

चौथं बोट म्हणजे फूल किंवा फळ. फुलाचा समोरून एक आणि बाजूने एक. बाजूच्या फोटोत फुलामागचा हिरवा भाग दिसतो, तोही ओळखीचा मोठा खुणेचा भाग आहे.

करंगळी म्हणजे खोड, आणि झाड उभं आहे ती जागा. खडकावर की पाण्याकाठी, साल फुटलेली की गुळगुळीत.

तोरणमाळच्या वाटेवर या दिवसांत तेरडा असतो, पिवळी सोनकी असते, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे असतात. डोंगरउतारावरची खुरासणीची शेतं पिवळीधमक झालेली असतात. दुरून सोनकी आणि खुरासणी दोन्ही पिवळीच. दुरून काढलेल्या फोटोत शेत कुठलं आणि रान कुठलं ते कळायचं नाही. पाच फोटो असले की कुणाला विचारावंही लागत नाही.

आपटा की कांचन?

आता दसऱ्याचीच गोष्ट घ्या. आपण एकमेकींना सोनं दिलं. दिलेलं पान खरंच आपट्याचं होतं का? बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. दोन्हींचं पान मधोमध चिरलेलं, जोडपानासारखं. फोटोत तर दोन्ही हुबेहूब दिसतात. हातात घेतलं की फरक कळतो. आपट्याचं पान लहान, जाडसर, आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं पान मोठं, पातळ, लांबट. म्हणजे फरक मुख्यतः आकारमानाचा आहे, आणि फोटोत नेमकं तेच हरवतं. जवळून काढलं तर लहान पान मोठं दिसतं, दुरून काढलं तर मोठं पान लहान.

यावर उपाय फुकटचा आहे. पानाशेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा. एक रुपयाचं नाणं, काडेपेटी, स्वतःचं बोट, हातातली बांगडी. बांगडी तर आपल्यापाशी कायमच असते. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एखादीला उभी करा, म्हणजे झाडाची उंची कळेल. आपलाही फोटो निघाला आणि झाडाचाही. आमच्या त्या एक्कावन्न फोटोंतल्या निम्म्यांत जरी आम्ही तलावाऐवजी झाडापाशी उभ्या राहिलो असतो, तरी काम झालं असतं.

बागेचं दृश्य म्हणजे नुसती शोभा नाही

आता डोंगरावरून खाली शिवारात येऊ या. आपल्या शहादा तालुक्यात बाग म्हटली की फुलांची बाग डोळ्यांपुढे येत नाही, पपईची आणि केळीची येते. शरदात पपईला फळं धरलेली असतात, म्हणूनच या दिवसांत बाग बघायला माणसं येतात. रांगेच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी छत्र्या आणि खाली फळांचे घोस. बघत राहावं असं दिसतं.

पण बागेत व्हायरस शिरला की हेच दृश्य पोटात गोळा आणतं. आमच्या गटातल्या एका ताईंची पपई आहे, तैवान ७८६. दोन वर्षांपूर्वी शेंड्याची पानं पिवळी पडून बारीक होऊ लागली. त्यांनी एका पानाचा फोटो काढला, संध्याकाळी, दिव्याखाली, आणि एका दुकानदाराला पाठवला. त्याने फोटो बघून एक औषध दिलं. आठ दिवसांनी दुसरं दिलं. फवारणीवर पैसे गेले, रोग होता तिथेच. शेवटी एका कृषी पदवीधर मुलीने सांगितलं, मावशी, असा एका पानाचा फोटो नको, मी सांगते तसे काढून पाठवा. तिने सांगितलेलं मी लिहून घेतलं आहे.

पपईचं पान बारीक होण्याची कारणं एकाहून जास्त आहेत. एक, रिंग स्पॉट नावाचा विषाणू. तो मावा पसरवतो. यात पानावर पिवळे-हिरवे ठिपके येतात, पान दोरीसारखं अरुंद होतं, देठावर आणि शेंड्याकडच्या खोडावर गर्द हिरव्या तेलकट रेघा उठतात आणि फळावर गोल कडी दिसतात. दोन, पानं गोळा होण्याचा रोग. तो पांढरी माशी पसरवते. यात पानाच्या कडा आत आणि खाली वळतात, शिरा जाड होतात. तीन, शेजारच्या शेतात मारलेलं टू फोर डी सारखं तणनाशक वाऱ्याने उडून येतं, त्यानेही पान अरुंद आणि वेडंवाकडं होतं. चार, पानाखाली बारीक कोळी बसलेले असले तरी शेंडा आकसतो.

चारही बाबतींत नुसत्या एका पानाचा फोटो जवळजवळ सारखाच दिसतो, आणि चारहींचा उपाय वेगळा. विषाणू शिरलेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. थोडीच झाडं असतील तर लवकर उपटून नष्ट करावी लागतात, म्हणजे बाकीची वाचायची शक्यता असते. म्हणून इथे फोटो चुकला की पैसा जातो आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात.

मग फोटो काढायचे कसे? शेंडा, पान वरून, पान खालून, देठाच्या रेघा, फळ, हे जवळचे पाच. पानावरचे ठिपके नीट दिसत नसतील तर पान आभाळाच्या उजेडाकडे धरा आणि खालून काढा. पिवळं-हिरवं स्पष्ट वेगळं होतं. याच्या जोडीला सहावा फोटो बागेच्या दृश्याचा. बांधावर किंवा बैलगाडीवर उभं राहा, म्हणजे थोडं वरून दिसेल. सूर्य पाठीशी किंवा खांद्याशी ठेवा. पिवळी पडलेली झाडं कुठे कुठे आहेत ते त्यात आलं पाहिजे. शेजारच्या शेताच्या कडेचीच झाडं बिघडली असतील तर तणनाशक उडून आल्याची शंका घ्यायची. एक इथे एक तिथे, मधूनमधून बिघडली असतील तर विषाणूची. ठिबकची एकच ओळ पिवळी असेल तर आधी नळी तपासायची, कदाचित तिथे पाणी आणि खतच पोचत नसेल.

जवळचा फोटो सांगतो काय झालंय. दुरचा फोटो सांगतो कुठे झालंय आणि कुठून आलं असेल. दोन्ही लागतात. ताईंनी मग तसे सहा फोटो पाठवले. त्यांच्या बागेत विषाणूच होता. तोवर उशीर झाला होता, अर्धी बाग काढावी लागली. पण पुढच्या लागवडीला त्यांनी बागेभोवती मक्याच्या दोन ओळी दाट लावल्या, जवळपास काकडी-दुधीचे वेल ठेवले नाहीत, कारण हा विषाणू त्या वेलांवरही राहतो, आणि दर आठवड्याला बागेत फोटोची फेरी सुरू केली. पहिलं वाईट झाड दिसलं त्याच दिवशी त्यांनी ते काढलं.

फोटो पाठवताना एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो लहान होतो आणि बारीक खुणा पुसल्या जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा जातो. सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्र आहे, सहायक कृषी अधिकारी आहेत. नुसतं बोलून विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर १८००-१८०-१५५१, तिथे मराठीत बोलता येतं.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आता शेतात उभं राहून फोटो काढून होते. ते काम घरातली पोरं करतात असं आपण धरून चालतो. जिला पपईच्या देठावरची रेघ टिपता येते, तिला हेही येईल. शिकून घ्या.

नाव बोलून ठेवा

आता परत आजींकडे येते. समजा आम्ही त्या दिवशी पाचही फोटो नीट काढले असते, तरी अर्धंच काम झालं असतं. झाडाचं रूप मिळालं असतं, पण आजींनी सांगितलेलं नाव, ते कशाला वापरतात, कुठला भाग घ्यायचा, कधी घ्यायचा नाही, हे कुठून आणणार?

म्हणून फोटो काढला की तिथल्या तिथे फोनवर आवाज भरून ठेवा. लिहिता येत नसलं तरी बोलता येतंच. गाव कुठलं, जागा कुठली, आज तिथी-तारीख कुठली, सांगणारी कोण, आणि ती या झाडाला काय म्हणते. तिच्या भाषेतलंच नाव घ्या. पावरीत वेगळं असेल, भिलीत वेगळं, अहिराणीत वेगळं, गुजरीत वेगळं. मराठी पुस्तकातलं नाव नंतर शोधता येतं. पाड्यावरचं नाव सांगणारी माणसं मात्र कमी होत चालली आहेत.

हे सरकारदरबारीही कामाचं आहे. आपल्या देशात २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या शिवारात कोणती झाडं, कोणती बियाणी, कोणते प्राणी, त्यांचा कोण काय उपयोग करतं, हे सगळं तिच्यात यायला हवं. ग्रामसभेत विचारा, आपल्या गावची नोंदवही झाली आहे का, आणि झाली असेल तर त्यात बायकांनी सांगितलेलं किती आहे. पाच फोटो आणि एक आवाज, असं घेऊन गेलात तर तुमचं म्हणणं कुणी टाळू शकणार नाही.

कुणी म्हणेल, आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत का? त्यांना दोन गोष्टी सांगते. फोटोची कला नुकती निघाली होती तेव्हा, १८४३ साली, इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईने पाण्यातल्या शेवाळांचं पुस्तक करायला घेतलं. तिने कॅमेरासुद्धा वापरला नाही. लोहाच्या क्षारांचं पाणी लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं आणि मग पाण्याने धुवायचं. कागद निळा व्हायचा आणि शेवाळाची आकृती पांढरी उमटायची. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. ऊन, पाणी, कागद आणि एका बाईची चिकाटी. दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर पेशाने इंजिनीअर. त्यांनी डोंगर पायाखाली घातले, रानफुलांचे फोटो जमवले आणि २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक आलं. आज वनस्पतिशास्त्राची मुलंही ते पिशवीत घेऊन हिंडतात.

सह्याद्रीचं झालं. आपल्या सातपुड्याचं आपण आपल्या पाड्यापुरतं तरी करू या.

हे मात्र करू नका

पहिलं, फोटोसाठी झाड उपटू नका. कंदाचा फोटो हवा म्हणून सफेद मुसळी उपटून काढणारी माणसं मी पाहिली आहेत. आधीच विक्रीसाठी खणून खणून ती डोंगरात दुर्मीळ झाली आहे.

दुसरं, अशा दुर्मीळ झाडाची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर फिरवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात 'लोकेशन' चालू असेल तर फोटोबरोबर जागाही जाऊ शकते. स्वतःच्या नोंदीसाठी ते चांगलं आहे, पण गावभर पाठवताना बंद ठेवा.

तिसरं, आणि हे नीट ऐका. फोनवर फोटो टाकला की झाडाचं नाव सांगणारी ॲप आता आली आहेत. गुगल लेन्स आहे, प्लांटनेट आहे. ती चांगली आहेत, जरूर वापरा. पण ती अंदाज सांगतात. त्यांच्या अंदाजावर कधीही काही खाऊ नका, कुणाला खाऊ घालू नका, औषध म्हणून लावू नका. आपल्याकडे कळलावी आहे. तिचं लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल फोटोत इतकं सुंदर येतं की सगळ्यांना पाठवावंसं वाटतं. पण ती सगळीच विषारी आणि तिचा कंद सगळ्यात जास्त. कंदाकडे पाहून रताळ्यासारखं काहीतरी असेल असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. फोटोबरोबर 'विषारी' हे आवाजातही बोलून ठेवा.

चौथं, दुसऱ्याच्या बागेत शिरण्याआधी विचारा. मालक घरी नसेल तर घरातल्या बाईला विचारा, तीच तर रोज बागेत राबते. आणि जी बाई झाड दाखवतेय, तिचा चेहरा फोटोत घेण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर नुसता हात घ्या. आवाज भरण्याआधीही विचारा. ज्ञान तिचं आहे, नाव तिचं लागलं पाहिजे, आणि तिला नको असेल तर कुठेच जाता कामा नये.

या दिवाळीचं काम

आता तुम्हाला एक काम देते. दिवाळीत माहेरी जाल, किंवा सासरी लेकी येतील. घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला घेऊन परसात, बांधावर किंवा नदीकाठी जा. आपली गोमाई आहे, तिच्या काठीही बरंच काही उगवतं. त्यांना म्हणा, मला पाच झाडं दाखव जी तू लहानपणापासून ओळखतेस. एका झाडाचे पाच फोटो आणि एक आवाज. पाच झाडांचे पंचवीस फोटो आणि पाच आवाज. एक सकाळ पुरे.

मग गटाच्या बैठकीत फोन मधे ठेवा. फोटो दाखवा, आवाज बंद ठेवा आणि बाकीच्यांना ओळखू द्या. ओळखलं तर फोटो जमला. नाही ओळखलं तर परत जाऊन काढा. झाड तिथेच आहे. दाखवणारी अजून आहे, तोवर जा.

आम्ही यंदा परत तोरणमाळला जाणार आहोत. आजींनी बोट दाखवलं ती वाट मला आठवते. घाट संपल्यावर डाव्या हाताला, दोन मोठ्या खडकांच्या मधे. त्या पाड्यावर आजींची धाकटी बहीण राहते, तिलाही ते झाड माहीत असेल. यंदा तिला बरोबर घेऊ. काच पुसून जाऊ.

येते आता. नमस्कार.